गच्चीसाठी सिलिंडरवरचा मोठा सपाट तवा: आणावा की बनवून घ्यावा?

चिंचगूळ

मंडळी, सल्ला हवाय. बोरिवलीला जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. घराला लागून उघडी गच्ची आहे आणि करारनाम्यात ती आमच्याच नावावर आहे, तेव्हा त्यावरून वाद नको. घरात सहा माणसं, सणावाराला बारा-चौदा. डोसे, घावन, थालीपिठं असा कुठलाही बेत केला की तव्यावर एका वेळी एक. खाणारे ताटं घेऊन रांगेत, आणि करणारी सगळ्यांच्या मागून, एकटी.

अमेरिकेत अंगणात प्रोपेनवर चालणारे सपाट तवे असतात, ग्रिडल म्हणतात त्याला. भावाकडे टेक्सासात ब्लॅकस्टोन कंपनीचा ३६ इंची आहे. दिवाळीला येताना टेबलावर ठेवायचा २२ इंची आणू का म्हणतोय. तो इथल्या सिलिंडरवर चालेल का? आमच्याकडे आता पाइप गॅस आहे, जुना सिलिंडर कधीच परत केला. की इथेच बनवून घेऊ? पत्रा स्टीलचा की लोखंडी? आणि आपल्या पावसाळ्यात त्याचं काय होतं?

"एवढ्यासाठी कशाला, इंडक्शन घ्या" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

निवांत

दोन बर्नरवर आडवा बसणारा लांब तवा मिळतो की. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ठेवायचा, काम झालं की उभा करून कपाटामागे. गच्ची नको, सिलिंडर नको.

नटबोल्ट

निवांतराव, शेगडी काचेची असेल तर हे करू नका. लांब तवा दोन्ही बर्नर झाकून टाकतो, वर जायची उष्णता खाली अडकते, आणि काच, बटणं, आतली नळी सगळं भाजून निघतं. मोठ्या भांड्यांखाली काच तडकल्याच्या तक्रारी यातूनच येतात. जुन्या स्टीलच्या शेगडीवर एखाद वेळ ठीक आहे. पण मधे, जिथे ज्योत नाही, तिथे तवा गारच राहतो. म्हणजे एक मोठा तवा विकत घ्यायचा आणि वापरायचे दोन छोटेच.

चिंचगूळताई, सगळे पत्र्यापासून सुरू करतात, तुम्ही गॅसपासून करा. थोडं मोठं लिहावं लागेल, रात्री लिहितो.

ह्यूस्टनचा_पाहुणा

तोवर इकडचे आकडे देतो. ब्लॅकस्टोनचा १७ इंची: साधारण २६७ चौरस इंच, १२,५०० बीटीयू (बर्नर तासाला किती उष्णता देतो त्याचं माप). २२ इंची: ३६१ चौरस इंच, दोन बर्नर मिळून २४,०००. ३६ इंची: ७६८ चौरस इंच, चार बर्नर, ६०,०००. कॅम्प शेफ या दुसऱ्या कंपनीचा चार बर्नरचा ६०४ चौरस इंच आणि ४८,०००.

दुकानात सगळे बीटीयूचा मोठा आकडा बघून भुलतात. त्याला क्षेत्रफळाने भागायचं. १७ इंचीत चौरस इंचाला ४७ पडतात, २२ इंचीत ६६, मोठ्यांत ७८-७९. धाकटा नुसत्या अंड्यांना पुरतो, पण त्यावर गार चिकन टाकलं की तवा गार पडतो आणि मांस भाजायच्या ऐवजी स्वतःच्या पाण्यात शिजतं. साठच्या वर असेल तर घरगुती कामाला भरपूर.

दुसरं म्हणजे वारा. या तव्यांत पत्रा आणि बर्नर यांच्यामधे चांगली फट असते, वारा थेट ज्योतीवर येतो. आकड्यात कितीही बीटीयू असोत, अर्धे शेजाऱ्याकडे जातात. तिन्ही बाजूंनी वाऱ्याला आड हवाच.

नटबोल्ट

हं, आता गॅस.

तिकडचा प्रोपेन म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रोपेन. आपला एलपीजी हे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला. तिकडे बर्फात ब्यूटेनचा वायूच होणार नाही म्हणून प्रोपेन लागतो. मुंबईत ती अडचण कधीच येणार नाही. पण ब्यूटेन घनमीटरमागे जास्त उष्णता देतो, त्यामुळे प्रोपेनच्या जेटवर (जेट म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक) आपला गॅस जाळला की ज्योतीची टोकं पिवळी होतात आणि पत्र्याला खालून काजळी धरते. बर्नरच्या तोंडाशी हवेची झडप असेल तर ती थोडी उघडायची, ज्योत निळी झाली की झालं.

दाबाचं गणित सोपं निघतं. तिकडचे मोठे ग्रिडल ११ इंच पाण्याच्या दाबावर चालतात, म्हणजे सुमारे २७ मिलिबार. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार देतो. फरक किरकोळ आहे. पण २२ इंचीसारखे छोटे तवे एक पौंडाच्या हिरव्या बाटलीसाठी बनवलेले असतात. ती बाटली आपल्याकडे सहज मिळत नाही, विमानातून आणता येत नाही आणि तिचे आटे आपल्या कशालाच बसत नाहीत. त्यांचा रेग्युलेटर तव्यालाच जोडलेला असतो. तो काढून आपली नळी लावायची तर जेट किती दाबासाठी बनवलाय ते मागच्या पाटीवर वाचूनच. जास्त दाबाचा जेट कमी दाबावर लावला तर ज्योत मरतुकडी, उलट केलं तर भडका. गॅसच्या जोडकामात अंदाज चालत नाही, आणि टेफ्लॉन टेप गुंडाळून कुठलेही आटे कुठेही बसवणाऱ्या कारागिराला दारातूनच परत पाठवा.

पाइप गॅसवर हे जोडायचा विचारही नको. तो मिथेन, दाब वीस-एकवीस मिलिबार, जेटची भोकं वेगळी. आणि घरातून गच्चीवर नळी ओढून नेणं नियमातही बसत नाही.

मग उरला पाच किलोचा सिलिंडर. इंडियन ऑइलचा छोटू, एचपीचा अप्पू, भारत गॅसचा मिनी. ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, पंपावर किंवा एजन्सीत रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. दर अनुदानाशिवायचा, त्यामुळे किलोमागे घरच्यापेक्षा महाग पडतो. रेग्युलेटर कुठला बसतो ते तिथेच लावून बघून घ्या.

चिंचगूळ

काका, तीनदा वाचलं. पाच किलो किती वेळ पुरेल? बारा माणसांच्या मधेच संपला म्हणजे?

नटबोल्ट

एक किलो एलपीजीतून सुमारे ४६ मेगाज्यूल, म्हणजे पावणे तेरा युनिट उष्णता मिळते. २४,००० बीटीयू म्हणजे सात किलोवॉट. दोन्ही बर्नर पूर्ण उघडे ठेवले तर तासाला जेमतेम ५५० ग्रॅम. पाच किलोत नऊ तास. आणि तवा एकदा तापला की पूर्ण उघडे कोण ठेवतं?

भावाच्या ३६ इंचीला मात्र तासाला १.३७ किलो लागेल. छोट्या सिलिंडरमधून इतका गॅस खेचला की आतला द्रव उकळताना स्वतःच गार पडतो, बाहेरून घाम फुटतो, दाब उतरतो आणि सिलिंडर अर्धा भरलेला असूनही ज्योत बसते. मग लोक तो आडवा करतात, गदागदा हलवतात, कोमट पाण्यात ठेवतात. यातलं काहीही करू नका. आडवा केला की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये शिरतो.

सेक्रेटरीकाका

मी बारा वर्षं सोसायटीचं काम बघतोय, तेव्हा थोडं कडू बोलतो. गच्ची तुमची असली तरी खाली आणि शेजारी माणसं राहतात.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखा सरपटत सखल जागा शोधतो. गच्चीवर पावसाच्या पाण्याचा निचरा करणारं भोक असतंच, त्यातून पाइपात आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंत. म्हणून सिलिंडर त्या भोकापासून लांब, उभा, उघड्यावर. पेटीत किंवा जिन्याखालच्या कपाटात कोंडायचा नाही. तव्याच्या अगदी खालीही नको, काही जण नीटनेटकं दिसावं म्हणून ठेवतात.

नळी स्टीलच्या तारेची, आयएसआय छापाची सुरक्षा नळी. तिच्यावर मुदत छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची. लांबी दीड मीटरच्या आत. दर वेळी जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी ओढून बघणारे महाभाग मी पाहिलेत. गॅस गळतीसाठी १९०६ आणि अग्निशमन दलाचा १०१, दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

आणि हा धागा वाचून टॉवरच्या बंदिस्त बाल्कनीत असलं काही करायचं कुणाच्या मनात आलं असेल तर कृपया नको. वर दुसऱ्याची बाल्कनी, बाजूला वाळत घातलेले कपडे, आणि फ्लॅटमधून पळायची वाट त्याच दारातून. उघडी गच्ची आणि बाल्कनी या वेगळ्या गोष्टी आहेत.

निवांत

काका, तुमच्या सोसायटीत होळी तरी पेटते का?

सेक्रेटरीकाका

पेटते. बादल्या भरून ठेवून.

मांदेली

मी वेसाव्याची, त्यामुळे मी माशांच्या बाजूने बोलणार. 🐟

घरच्या गोल तव्यावर सुरमईच्या चार तुकड्या. आम्ही जेवायला दहा जण. सपाट मोठ्या तव्यावर बाराच्या बारा एकदम, हे सुख ज्याने घेतलं त्याला विचारा. पण पत्रा जाड हवा. मासा फ्रिजमधून काढलेला, ओला, रव्याचं आवरण. पातळ पत्र्यावर तुकड्या ठेवल्या की तो गार पडतो, रवा तेल पितो आणि उलटताना निम्मा पत्र्यालाच राहतो. बोंबलाचं तर विचारूच नका, त्याच्या अंगातच पाणी. दाबून पाणी काढा, तांदळाचं पीठ आणि रवा लावा, आणि तुकडी सुटायला लागेपर्यंत हात लावू नका. जाड पत्र्यावर तो आपोआप सुटतो.

स्टील नको. दिसायला सुंदर, पण मासा चिकटतो.

नटबोल्ट

मांदेलीताईंना अनुमोदन, कारणासकट. साध्या लोखंडी पत्र्यातून उष्णता जितकी पसरते त्याच्या साधारण एक तृतीयांश स्टेनलेसमधून. त्यामुळे बर्नरच्या बरोबर वर करपतं आणि चार इंच बाजूला कच्चं. हॉटेलांत स्टीलचे, क्रोमचा मुलामा दिलेले तवे असतात, पण त्यांखाली बर्नर जवळजवळ असतात. नॉनस्टिकचा लेप २६० अंशांच्या वर खराब व्हायला लागतो, आणि रिकामा मोठा तवा पूर्ण ज्योतीवर तिथपर्यंत सहज जातो. तोही बाद.

गच्चीवाला

आम्ही मुलुंडला बनवून घेतला आहे, म्हणून इथे बोलायचा हक्क समजतो.

रे रोडजवळच्या दारूखाना बाजारात लोखंडाच्या पत्र्याचा तुकडा वजनावर मिळतो, मापाने कापूनही देतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातही मिळेल, पण एका तुकड्यासाठी तिकडे कोण जाईल. पुढचं काम साकीनाका, कुर्ला भागातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे. उडप्यांच्या हॉटेलांना डोसा भट्टी बनवणारा मिळाला तर उत्तम. पण तो तुम्हाला भट्टीचा बर्नर आणि हाय प्रेशर रेग्युलेटर लावून देईल. त्याच्या रोजच्या धंद्याला तेच लागतं. घरी ते नको, आवाज विमानासारखा आणि बारीक आच जमतच नाही. कमी दाबाचे पाइप बर्नर लावायला सांगायचं, ज्योत विझली तर गॅस बंद करणाऱ्या झडपेसकट. ही झडप टाळू नका. वाऱ्यावर ज्योत विझते आणि उन्हात विझलेली कळतही नाही.

पत्र्याबद्दल तीन गोष्टी अनुभवाच्या.

जीआय म्हणजे जस्ताचा पत्रा चुकूनही नको, तापला की जस्ताचा धूर सुटतो. साधा एमएस घ्या, म्हणजे माइल्ड स्टील, आपलं साधं लोखंड. त्यावर कारखान्यातली निळसर करडी पापडी असते, ती ग्राइंडरने काढून घ्या, नाहीतर पुढे तेलाचा थर तिच्यासकट सोलून येतो.

पत्रा चौकटीला वेल्डिंगने पक्का जोडायचा नाही. आमच्या शेजाऱ्यांना एका कारागिराने चारी बाजूंनी जोडून दिला. पहिल्यांदा तापवला आणि मधोमध फुगला, तेल कडेने वाहायला लागलं. लोखंड तापलं की वाढतं, दोन फुटांचा पत्रा दोनशे अंशांना सव्वाएक मिलिमीटर. त्याला वाढायला जागा पाहिजे. चौकटीवर नुसता ठेवायचा, खाली चार खुंट्या, म्हणजे सरकत नाही.

आणि पुढच्या किंवा मागच्या बाजूला तेलासाठी खाच, खाली काढता येणारा डबा. हा डबा लोक विसरतात आणि मग गच्चीवरच्या फरशीला जन्मभराचा डाग.

चिंचगूळ

जाडी किती सांगू? आणि वजन? आमच्याकडे उचलायला मी आणि नवरा, त्यात नवऱ्याची कंबर.

नटबोल्ट

६०० बाय ४५० मिलिमीटर धरा, म्हणजे साधारण दोन फूट बाय दीड फूट. ५ मिमी जाडीत साडेदहा किलो, ६ मिमीत पावणे तेरा, ८ मिमीत १७, १० मिमीत २१, १२ मिमीत साडेपंचवीस. सात किलोवॉटच्या ज्योतीतली अर्ध्याहून जास्त उष्णता हवेत जाते असं धरलं तरी ८ मिमीचा आठ-दहा मिनिटांत तापतो. १२ मिमीला पाव तास लागेल, पण तो गार होता होत नाही आणि आच कमी केलेली त्याला कळतच नाही. थालीपिठं करायची तर हे त्रासाचं. मी ८ म्हणेन. कंबर बघता ६ सुद्धा चालेल, मासे थोडे थोडे टाकायचे.

ब्लॅकस्टोनचे पत्रे याहून पातळ असतात, खालून पट्ट्या देऊन आधार दिलेला असतो. त्यांना तो जहाजातून पाठवायचा असतो, आपल्याला साकीनाक्याहून टेम्पोत.

आगरी_मसाला

एवढी चर्चा झाली आणि पावभाजीचं नाव नाही? मुंबईकर ना तुम्ही?

सपाट तव्यावर पावभाजी होत नाही, लिहून घ्या. गाडीवरचा तवा बघा, मधे खोलगट आणि कडेला रुंद उतरता काठ. भाजी मधे शिजते, लोणी कडेवर टाकलं तरी मधे येतं, पाव काठावर शेकतात, आणि गिऱ्हाईक आलं की बाजूची भाजी मधे ओढायची. सपाट तव्यावर टोमॅटोचं पाणी आणि लोणी थेट त्या तेलाच्या डब्यात. अर्धा किलो अमूल डब्यात गेल्यावर कळेल. त्यापेक्षा मोठा गाडीवाला तवा आणि एक चांगली शेगडी घ्या, विषय संपला.

ह्यूस्टनचा_पाहुणा

इकडे आम्ही सपाटावर करतो पावभाजी. भाजी कुकरमध्ये घट्ट शिजवून आणायची, तव्यावर फक्त लोण्यावर परतायची.

आगरी_मसाला

म्हणजे कुकरातली भाजी तव्यावर फिरवून आणता. ठीक आहे, परदेशात चालतं.

मांदेली

😂😂

पण आगरी दादा बरोबर बोलतोय. खोलगट तव्यावर मग डोसा नाही आणि मासे मधे गोळा होतात. काय जास्त करता त्यावर ठरवा.

उकडमोदक

पावभाजीवाल्यांना एवढंच, की दोन पट्ट्या घेऊन सपाट तव्यावरही रस्सा आवरता येतो. भुर्जीवाले कसे करतात बघा, उलथण्यापेक्षा पट्टी जास्त चालते. रंगाऱ्याकडे असते तशी रुंद पट्टी, फक्त स्टीलची आणि लाकडी मुठीची, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. नवी घ्या, रंगाऱ्याची वापरू नका. 😀

मला प्रश्न आहे तवा मुरवण्याचा. जवसाचं तेल लावा असं सगळीकडे वाचते. बिडाचा तवा आम्ही नेहमी कांदा फिरवून आणि गोडं तेल लावून तयार करतो. इतक्या मोठ्या पत्र्याला जवस खरंच लागतं का?

गच्चीवाला

नाही लागत. जवसाचा थर चकचकीत होतो पण ठिसूळ, मोठ्या पत्र्यावर पापुद्रे सुटतात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं, घरात असेल ते.

पत्रा आधी साबणाने घासायचा, कारखान्याचं गंजरोधक तेल निघालं पाहिजे. एवढ्या एकाच वेळी साबण. मग पूर्ण आचेवर तापवायचा, रंग बदलेल, घाबरू नका. मग फडक्याने तेल लावायचं आणि दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, जणू लावलंच नाही इतकं. धूर येऊन थांबला की पुन्हा. सगळी गंमत पुसण्यात आहे, तेल जास्त राहिलं की चिकट पिवळा थर बसतो आणि तो खरवडून काढावा लागतो. काळा दिसेपर्यंत तीन-चार थर पुरे. कांदा फिरवा, वास छान येतो आणि कडा-कोपरे पोचतात.

धुराचं आधी शेजाऱ्यांना सांगा.

सेक्रेटरीकाका

शेवटच्या वाक्याला माझ्याकडून टाळ्या.

उकडमोदक

आणि डोश्यासाठी हॉटेलवाले पाणी शिंपडून झाडूने पुसतात ते घरी करायचं ना?

नटबोल्ट

शिंपडा, ओतू नका. त्यांचा पत्रा जाड असतो. पातळ तापलेल्या पत्र्यावर तांब्याभर गार पाणी पडलं की तो वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही. पाण्याचे थेंब गोळ्या होऊन नाचत पळायला लागले म्हणजे डोश्यासाठी तवा जास्त तापलाय, पीठ पसरायच्या आधीच धरतं आणि वाटीबरोबर गोळा होऊन येतं. थेंब चुर्र करून लगेच उडाला पाहिजे. इन्फ्रारेड तापमापक घेणार असाल तर तो काळ्या झालेल्या पत्र्यावरच खरं सांगतो, नव्या चकचकीत पत्र्यावर बराच कमी दाखवतो.

थालीपिठाला याहून बरीच मंद आच आणि वर झाकण. दोन बर्नर वेगवेगळे असतील तर एका बाजूला डोसे आणि दुसऱ्या बाजूला थालीपिठं एकदम होतात. म्हणून एक मोठा बर्नर घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. घेताना मी पहिली गोष्ट हीच बघेन.

चिंचगूळ

हे फार कामाचं. पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही अजून.

मांदेली

आमच्याकडे समुद्रावरची हवा, लोखंडाचं काहीही बाहेर ठेवलं की आठवड्यात तांबडं. चौकट बाहेर राहू दे, रंगवून घ्या. पत्रा जूनला घरात. कोमट असताना तेलाचा हात फिरवायचा, वर्तमानपत्रात गुंडाळायचा, कपाटामागे उभा. ताडपत्री टाकून बाहेर ठेवू नका, तिच्या आत घाम धरतो आणि उघड्यापेक्षा लवकर गंजतो. गंज आलाच तर रडायचं नाही, काथ्या आणि मीठ घेऊन घासायचा, तापवायचा, पुन्हा तेल. लोखंडच ते.

बर्नरच्या भोकांत कोळी जाळी करतात. हसू नका. पावसाळ्यानंतर पेटवायच्या आधी पाइप फुंकून आणि तारेने साफ करून घ्या, नाहीतर ज्योत मागे, झडपेच्या बाजूला पेटते.

ह्यूस्टनचा_पाहुणा

कोळ्यांचं शंभर टक्के खरं. इकडच्या माहितीपुस्तिकांतही लिहिलेलं असतं.

चिंचगूळ

आता खरा घरातला प्रश्न. सासूबाई माळकरी आहेत. मासे आणि अंडी घरात चालतात, पण वेगळ्या भांड्यात, वेगळ्या उलथण्याने. एकाच तव्यावर एका बाजूला सुरमई आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं थालीपीठ हे मी त्यांना सांगू शकत नाही, आणि सांगायची इच्छाही नाही. घासून चालेल असं त्या म्हणतील, पण जेवणार नाहीत.

गच्चीवाला

मग तर बनवूनच घ्या. पत्रा चौकटीवर नुसता ठेवायचाय ना? दोन पत्रे करा. ८ मिमीचा आणि ६ मिमीचा, मापं सारखी. विकतच्या तव्याचा दुसरा पत्रा मागवायला गेलात तर समुद्रापलीकडून येईल.

मांदेली

जाड माशांना द्या हो. 🙏

नटबोल्ट

आधी नको म्हणणार होतो, ताई. माशांना अधूनमधून लागणार, डोसे-थालीपिठं दर रविवारी. पण मासे खरंच जाडावर चांगले होतात, हेही खरं. म्हणजे सासूबाईंच्या तव्याला ६ मिमी, उचलायलाही हलका, मंद आचेला चटकन ऐकणारा. मासे ८ वर. पटतंय मला.

पत्र्याच्या एका कोपऱ्यावर वेल्डरकडून छोटी खूण करून घ्या. तेलाने काळे झाल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

आगरी_मसाला

आणि तिसरा खोलगट, पावभाजीला.

चिंचगूळ

😄 त्यावर घरी विचार चालू आहे.

ठरलं ते लिहिते. भावाला २२ इंची आणू नको म्हणून कळवलं. त्याच्याकडून दोन चांगल्या रुंद पट्ट्या आणि तापमापक मागवलाय, ते बॅगेत बसतात. इथे ६०० बाय ४५०ची चौकट, दोन वेगळे कमी दाबाचे पाइप बर्नर, ज्योत विझल्यावर बंद होणारी झडप, तिन्ही बाजूंनी वाऱ्याला पाच इंचांचा आड, तेलाचा डबा, आणि पत्रे दोन. छोटू एजन्सीत बघून आले, रेग्युलेटर तिथेच लावून दाखवला. आमच्या निचऱ्याच्या भोकापासून गच्चीचं दुसरं टोक दहा फुटांवर आहे, सिलिंडर तिकडे.

एक राहिलं: तेल डब्याकडे जायला पत्र्याला उतार किती द्यायचा? कारागीर म्हणतो अर्धा इंच.

नटबोल्ट

अर्धा इंच फार होतो, घावनाचं पीठ एका बाजूला ओघळेल. दीड फुटाला ३-४ मिमी पुरे. आणि तो उतार पत्र्यात घालू नका, चौकटीच्या पायांना आट्यांचे बोल्ट लावून घ्या. गच्चीची फरशी कधीच सपाट नसते, घरी आणल्यावर पाणी टाकून बघत बोल्ट फिरवा. डोश्याच्या दिवशी सपाट, माशांच्या दिवशी थोडा उतार.

मांदेली

भाऊ दिवाळीला येतोय म्हणजे सुरमई चांगली मिळेल. फोटो टाका.